रेडीच्या पुस्तकाची उरलेली पाने

जीवशास्त्र शिकवणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी फळ्यावर तीन बरण्या काढलेल्या असतात. एक उघडी, एक घट्ट बंद केलेली आणि एक जाळीदार कापडाने झाकलेली. तिन्हींत मांसाचे तुकडे. उघड्या बरणीत माशा शिरतात आणि काही दिवसांनी अळ्या वळवळू लागतात. बंद बरणीत मांस कुजते, पण अळ्या होत नाहीत. तिसऱ्या बरणीवर माशा घोंघावतात, पण आतल्या मांसात अळी दिसत नाही. चित्राखाली आपण लिहितो : फ्रान्सिस्को रेडी, इटली, १६६८. निष्कर्ष : जीवातूनच जीव निर्माण होतो. मुले ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. आम्हीही हे अनेक वर्षे केले आहे.

प्रयोग खरा आहे आणि उत्तमही आहे. आमची तक्रार त्याबद्दल नाही. ज्या पुस्तकातून आपण हा प्रयोग उचलतो, ते पुस्तक तिथे संपत नाही, ही आमची तक्रार आहे. त्याच पुस्तकात पुढे, त्याच रेडीने, ओक वृक्षावरच्या गाठींत सापडणारे किडे खुद्द वृक्षच जन्माला घालत असावा, असे मत मांडले आहे. ही पाने पाठ्यपुस्तकांत येत नाहीत. ती का यायला हवीत, हे सांगण्यासाठी हा लेख.

एका पानामुळे

पुस्तकाकडे आम्ही वळलो ते एका विद्यार्थिनीमुळे. रेडीचा धडा झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या फाटकाजवळच्या सप्तपर्णीचे एक पान आणले. पानावर वाटाण्याएवढ्या गाठी होत्या. एक गाठ तिने नखाने फोडली. आत एक पिवळसर जीव होता. तिने विचारले, “या गाठीला कुठेही भोक नाही. म्हणजे ही बंद बरणीच झाली. मग आत किडा कसा?”

प्रश्न बिनतोड होता. आम्ही तिला उत्तर दिले, पण ते पाठ केलेले उत्तर होते. घरी येऊन रेडीचे पुस्तक वाचायला घेतले. मूळ इटालियन आम्हाला येत नाही. मॅब बिगलो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९०९ साली शिकागोहून प्रसिद्ध झाला, तोच आम्ही वाचला. आणि लक्षात आले, की त्या मुलीचा प्रश्न रेडीलाही पडला होता. त्याने दिलेले उत्तर मात्र चुकले होते.

पुढे जाण्यापूर्वी या गाठींची थोडी ओळख करून घेऊ. इंग्रजीत त्यांना ‘गॉल’ म्हणतात. एखादा कीटक, कोळ्यांच्या कुळातली सूक्ष्म माइट, सूत्रकृमी, बुरशी किंवा जिवाणू वनस्पतीच्या कोवळ्या भागात ठाण मांडतो आणि त्यामुळे तिथल्या पेशी वेगळ्याच रीतीने वाढू लागतात. त्यातून तयार होते ती गाठ. गाठ बनते वनस्पतीच्याच पेशींची, पण तिचा उपयोग पाहुण्याला होतो. त्याला आसरा मिळतो आणि अन्नही मिळते. सप्तपर्णीवरच्या गाठी सिलिड नावाच्या, तुडतुड्यांच्या नात्यातल्या बारीक कीटकांमुळे होतात. करंजाच्या पानांवरचे फुगवटे माइटमुळे, आंब्याच्या पानांवरच्या पुटकुळ्या चिलटासारख्या गाठमाश्यांमुळे, मक्याच्या कणसावरच्या करड्या-पांढऱ्या फुगीर गाठी काणी या बुरशीमुळे आणि वांगी-टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी सूत्रकृमींमुळे.

हे काही दूरचे प्रकरण नाही. बाळगुटीच्या डबीत दोन गाठी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एक मायफळ. नावात फळ असले तरी ते फळ नव्हे. तुर्कस्तान, सीरिया, इराण या भागांत वाढणाऱ्या एका ओक वृक्षावर गांधीलमाशीच्या कुळातील एक लहानशी माशी अंडी घालते, तिथे आलेली ती गाठ. दुसरी काकडशिंगी. तीही शेंग किंवा शिंग नाही. हिमालयात पिस्त्याच्या जातीचे एक झाड आहे, त्यावर मावा किडीमुळे झालेली ती पोकळ गाठ. मायफळ हातात घेऊन नीट पाहा. काही मायफळांना टाचणीने पाडावे तसे गोल छिद्र असते. माशी आतून कुरतडत बाहेर पडली, त्याची ती खूण. छिद्र नसेल तर माशी बाहेर पडण्याआधीच गाठ तोडली गेली.

मायफळात टॅनिन भरपूर असते. त्याचा काढा आणि हिराकस एकत्र केले, की काळी शाई होते. युरोपात शतकानुशतके लिहिण्याची नेहमीची शाई हीच होती. तेव्हा रेडीच्या काळातील विद्वानांच्या दौतीत गाठींचाच अर्क होता, असे म्हणायला हरकत नाही.

पहिल्या भागातला रेडी

रेडी (जन्म १६२६) हा फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारातला वैद्य. कवी म्हणूनही तो प्रसिद्ध होता. ‘कीटकांच्या उत्पत्तीविषयीचे प्रयोग’ हे त्याचे पुस्तक एका मित्राला लिहिलेल्या दीर्घ पत्राच्या रूपात आहे. त्याची शैली गप्पिष्ट आहे. मध्येच जुन्या ग्रंथकारांचे दाखले येतात, त्यांची थट्टाही येते. पण प्रयोगाचा विषय निघाला, की हा माणूस एकदम काटेकोर होतो.

त्याने मेलेले साप उघड्या पेटीत ठेवले, त्यांवर अळ्या झालेल्या पाहिल्या, त्या अळ्यांचे कोष वेगळे ठेवले आणि त्यांतून माशा निघेपर्यंत वाट पाहिली. मग मनात शंका आली, की या अळ्या मांसापासून होत नसून माश्यांनी टाकलेल्या अंड्यांपासून होत असाव्यात. शंका आली एवढ्यावर तो थांबला नाही. चार बाटल्यांत साप, मासे, आर्नो नदीतले वाम आणि वासराचे मांस घालून त्याने त्या घट्ट बंद केल्या. तशाच आणखी चार भरून उघड्या ठेवल्या. बंद बाटल्यांत हवा जात नाही म्हणून अळ्या होत नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल, हेही त्याने ओळखले. म्हणून पुन्हा प्रयोग केला. या वेळी बाटलीच्या तोंडावर तलम जाळी होती. हवा आत जाईल, माशी जाणार नाही.

आपल्या फळ्यावरच्या तीन बरण्या या दोन टप्प्यांच्या प्रयोगांतून आल्या आहेत. आक्षेप घेणाऱ्याच्या जागी स्वतः उभे राहून आपलाच प्रयोग तपासायचा, हे या भागातले सर्वांत मोठे शिक्षण आहे. पुस्तकाचा हा भाग कितीही वेळा शिकवावा.

दुसऱ्या भागातला रेडी

मग रेडी झाडांकडे वळतो. ओकच्या गाठी फोडतो. प्रत्येक प्रकारच्या गाठीत ठराविक प्रकारचा किडा सापडतो, असे त्याला दिसते. किडा गाठीत कुठेही नसतो, ठरलेल्या जागी असतो. गाठीची रचना नेटकी असते. आत शिरण्याची वाट दिसत नाही. यावरून तो अनुमान काढतो : झाडाची जी जीवनशक्ती फुले आणि फळे घडवते, तीच गाठ घडवते आणि तिच्यातला किडाही घडवते. चेरीसारख्या फळांतल्या किड्यांनाही तो हेच अनुमान लावतो.

येथे दोन गोष्टी न्यायाने सांगायला हव्यात. पहिली, हे मत त्याने ठाम सिद्धांत म्हणून मांडलेले नाही. आपला कल इकडे आहे, अशा भाषेत मांडले आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याच्या दृष्टीने यात पहिल्या भागाशी काहीच विसंगती नव्हती. मेलेल्या, कुजलेल्या वस्तूतून जीव निर्माण होत नाही, हे त्याने दाखवले होते. झाड मेलेले नाही. जिवंत झाडाने जिवंत किडा निर्माण केला, तर जीवातूनच जीव निर्माण झाला की नाही?

आपण फळ्यावर लिहितो ते वाक्य आता पुन्हा वाचा. ‘जीवातूनच जीव निर्माण होतो.’ रेडीची चूक या वाक्यात निवांत बसते. म्हणजे जे सूत्र आपण मुलांकडून पाठ करून घेतो, ते रेडीच्या चुकीला अडवत नाही. प्रत्येक जीव आपल्याच जातीच्या जिवापासून निर्माण होतो, हे त्या सूत्रात आलेले नाही आणि नेमके तेच गाठीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आमच्या विद्यार्थिनीला हे सूत्र पाठ होते. त्याने तिचे समाधान झाले नाही, यात तिचा दोष नव्हता.

चूक कुठे झाली?

रेडीवर पहिला आक्षेप असा, की येथे त्याने जोडी मांडली नाही. एक उघडी बाटली आणि एक झाकलेली बाटली, हे त्याचे हत्यार होते. ओकची एक फांदी मोकळी आणि एक जाळीत बांधलेली, असा प्रयोग या भागात वर्णिलेला नाही. येथे तो पाहतो, मोजतो, तर्क करतो आणि थांबतो.

दुसरा आक्षेप तर्कावर. ‘प्रत्येक गाठीत ठराविक किडा असतो’ हे त्याचे निरीक्षण अचूक होते. पण त्यातून झाडच किडा घडवते, असे ठरत नाही. ठराविक जातीची माशी ठराविक जागी अंडे घालते, या कल्पनेतूनही तेच निरीक्षण निघते. दोन कल्पना एकाच निरीक्षणाशी जुळत असतील, तर त्या निरीक्षणावर निकाल देता येत नाही. वर्गात चांगला वाद घालायचा असेल, तर मुलांपुढे हा मुद्दा ठेवावा.

एवढ्यावर लेख संपवला, तर आम्हीही पाठ्यपुस्तकाइतकाच सोपा न्याय केला, असे होईल. कारण समजा रेडीने खरोखरच फांदीला जाळी बांधली असती, तर काय झाले असते?

ओकवरच्या कित्येक माश्या कळीत अंडे घालतात आणि गाठ दिसते ती पुष्कळ नंतर, कधी कधी कित्येक महिन्यांनी. अंडे घातल्यावर जाळी बांधली असती, तर जाळीच्या आत गाठी झाल्या असत्या आणि गाठींत किडे निघाले असते. रेडीला वाटले असते, की आपले मत प्रयोगानेच सिद्ध झाले. करंजावर प्रयोग केला असता तर आणखी फजिती. करंजावरची माइट सुमारे एकपंचमांश मिलिमीटर लांबीची असते. मांसावरची माशी अडवणारी जाळी तिला मोकळ्या वेशीसारखी आहे. वेळ चुकली किंवा जाळीची वीण चुकली, तर निर्दोष दिसणारा प्रयोगसुद्धा चुकीचे उत्तर देतो.

जाळी कधी बांधायची हे कळण्यासाठी आधी प्राण्याचा जीवनक्रम माहीत असावा लागतो. तो कळतो पाहण्यातून, तेही गाठ दिसण्याच्या आधीपासून पाहण्यातून. रेडी मांसावर माशा बसताना रोज पाहत होता. म्हणूनच तिथे त्याला नेमका प्रयोग सुचला. झाडावर त्याने पाहायला सुरुवात केली ती गाठ झाल्यावर.

ज्यांनी आधी पाहिले

बोलोन्याचा मार्चेल्लो मालपिगी हा रेडीचा समकालीन. केशवाहिन्या प्रथम पाहणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याच्या वनस्पतिरचनेवरील ग्रंथाचे दोन भाग लंडनच्या रॉयल सोसायटीने १६७५ आणि १६७९ मध्ये प्रसिद्ध केले. दुसऱ्या भागात गाठींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मालपिगीने ओकच्या कळीवर बसून अंडे घालणारी माशी प्रत्यक्ष पाहिली. तिची अंडे घालण्याची नळी तपासली. कळीत सापडलेली अंडी आणि माशीच्या पोटातली अंडी ताडून पाहिली. ती सारखीच होती. त्याच्या परंपरेतल्या आन्तोनिओ व्हाल्लिस्नेरीने १७००च्या सुमारास संवादरूपाने लिहून हा विषय पुढे नेला. गाठीतला किडा झाडाचा नाही, आईचा आहे, हे हळूहळू मान्य झाले.

पण मालपिगीचेही सगळे बरोबर नव्हते. अंडे घालताना माशी जो द्रव सोडते त्याने झाडाचा रस बिघडतो आणि गाठ होते, असे त्याला वाटे. विलोच्या पानांवर गाठी करणाऱ्या काही माश्यांच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. अंडे घालतानाच्या द्रवानेच तिथे गाठ धरू लागते. ओकच्या माश्यांत मात्र खरी वाढ अळीमुळे होते. अळी मेली, की गाठीची वाढ खुंटते. पुढे १८८१ साली हेर्मान आडलरने दाखवून दिले, की ओकवरच्या काही माश्यांच्या एकाआड एक पिढ्या वेगळ्या असतात आणि त्यांच्या गाठीही वेगळ्या असतात. एका पिढीची गाठ पानावर, तर पुढच्या पिढीची कळीवर. ज्यांना वेगळ्या जाती समजत होते, त्या आई आणि लेकी निघाल्या.

आणि रेडी? किड्याच्या बाबतीत तो हरला. गाठीच्या बाबतीत पूर्ण हरला असे म्हणता येत नाही. गाठ फळासारखी नेटकी असते, ती झाडाच्या जिवंत शक्तीतूनच घडते, हे त्याचे म्हणणे आजही टाकाऊ नाही. गाठीतली प्रत्येक पेशी झाडाचीच असते. प्रश्न एवढाच, की झाडाला हुकूम कोण देते आणि कोणत्या भाषेत? जिवाणूंमुळे होणाऱ्या एका गाठीचे उत्तर १९७७ साली मिळाले. ॲग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू आपल्या डीएनएचा एक तुकडा थेट वनस्पतीच्या पेशीत घालतो. कीटकांच्या बाबतीत उत्तर अजून तुकड्यातुकड्यांनी येत आहे. २०२१ साली अमेरिकेतल्या विचहेझल झुडपावरच्या एका माव्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या माव्यातल्या एका जनुकावरून गाठ लाल होणार की हिरवी, हे ठरते असे त्यात आढळले. म्हणजे घर झाडाचे, माती झाडाची, पण रंग ठरवणार भाडेकरू. साडेतीनशे वर्षांपूर्वी रेडीला जे कोडे पडले, त्याचा अर्धा भाग आजही प्रयोगशाळेत आहे.

वेळेचा धडा

हा सारा जुन्या पुस्तकांचा खल आहे असे कोणाला वाटेल. पूर्व विदर्भातला भात उत्पादक शेतकरी तसे म्हणणार नाही. भातावर गादमाशी येते. तिच्या अळीमुळे भाताच्या फुटव्याची कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी होते. तीही गाठच. त्या फुटव्याला लोंबी येत नाही. नळी दिसली, की शेतकरी फवारणीला धावतो. पण नळी दिसते तेव्हा आतल्या किडीचे काम बहुतेक उरकलेले असते. अंडे आधीच घातले गेले, अळी आधीच आत शिरली. शेतात दिसते ते कालचे चित्र असते. रेडी नेमका याच ठिकाणी फसला होता. गाठ ही सुरुवात नाही, ती गोष्टीचा मध्य आहे, एवढे जरी मुलांना कळले, तरी गावात त्याचा उपयोग होईल.

मराठीत ‘उंबर फोडून केंबरे काढणे’ असे म्हणतात. नको ते उकरू नये, असा त्याचा सूर. विज्ञानाच्या शिक्षकाने मात्र उंबर जरूर फोडावे. बंद दिसणाऱ्या उंबराच्या टोकाला बारीक वाट असते. तिच्यातून एक इवलीशी माशी आत शिरते आणि आतल्या फुलांत अंडी घालते. त्या फुलांच्या बीजकोषांच्या गाठी होतात. केंबरे वाढतात ती त्या गाठींत. अंडी घालतानाच माशी परागीकरणही करून ठेवते. बंद बरणीचे कोडे येथेही तेच आहे, आणि येथे ते उंबर हातात घेऊन सोडवता येते.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. रेडीच्या तीन बरण्या फळ्यावर जरूर काढा. पण त्यांच्या शेजारी गाठ असलेले एक पान काढा आणि सांगा, की याच माणसाने, याच पुस्तकात, या पानाबद्दल चुकीचे उत्तर दिले. का चुकले ते मुलांनाच शोधू द्या. शाळेजवळ सप्तपर्णी असेल, तर नवी पालवी फुटण्याच्या आधीच काही फांद्यांना तलम कापडाच्या पिशव्या बांधा, काही मोकळ्या ठेवा आणि दर आठवड्याला नोंद करा. पिशवीच्या आतही गाठी आल्या, तर प्रयोग फसला म्हणून कापड फेकू नका. वेळ चुकली का, वीण चुकली का, की अंडी आधीच होती, यावर मुलांना बोलू द्या. तो तास सगळ्यांत चांगला जाईल.

रेडीला संपूर्ण वाचल्याने तो लहान होत नाही. उलट तो आपल्या जवळचा होतो. अर्ध्या पुस्तकातला रेडी हा न चुकणारा पुतळा आहे. त्याच्याकडे पाहून मुलाला वाटते, हे आपल्याला कधी जमणार नाही. संपूर्ण पुस्तकातला रेडी एका कोड्यापुढे बरोबर आणि दुसऱ्यापुढे चूक ठरलेला, पण दोन्ही वेळा गाठ स्वतः फोडून पाहणारा माणूस आहे. आमच्या त्या विद्यार्थिनीनेही तेच केले होते.